निशाण उतरल्यावर : राष्ट्रपतींची नौका, भेटवस्तू आणि आपली संग्रहवृत्ती



आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला येता येता विचारलं, सर, मोझरीत जहाजं कुठून आणता? प्रश्न बरोबर आहे. आपल्यापासून मुंबईचा समुद्र सहाशे-साडेसहाशे किलोमीटर. आपल्याकडे पाणी म्हटलं की अप्पर वर्धाचं धरण, आणि निशाण म्हटलं की देवळावरचं. पण जगात एक छंद आहे. राष्ट्रप्रमुख ज्या नौकेवर बसले त्या नौकेचे झेंडे, ताटं, घंटा, खुर्च्या, निमंत्रणपत्रिका जमा करण्याचा. अमेरिकेत त्याचा मोठा बाजार आहे, लिलाव होतात. आणि ह्या छंदामागचा जो प्रश्न आहे तो आपल्या अमरावतीच्या दारात येऊन गेलेला आहे. तो मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. प्रश्न असा की, पद सोडल्यावर पदाच्या वस्तू कोणाच्या? आणि त्या जपायच्या म्हणजे नेमकं काय जपायचं?

आधी घरचीच गोष्ट घेतो. २० डिसेंबर २०११. मुंबईसमोरच्या समुद्रात नौदलाची जहाजं रांगा करून उभी होती. राष्ट्रपती हे तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती, म्हणून ते आपल्या कारकिर्दीत साधारण एकदा आरमाराची पाहणी करतात. स्वतंत्र प्रजासत्ताकात अशी पहिली पाहणी १९५३ साली मुंबईलाच झाली, तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती होते. २०११ साली त्या जागी होत्या प्रतिभाताई पाटील. माहेर जळगावकडचं, सासर अमरावतीचं, आणि १९९१ ते १९९६ त्या आपल्याच मतदारसंघाच्या खासदार. म्हणजे आपल्या भागातून लोकसभेत गेलेली बाई त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक जहाजासमोरून गेली, आणि जहाजांच्या कडेला उभ्या असलेल्या खलाशांनी टोप्या उंचावून जयजयकार केला.

ज्या जहाजावरून त्या गेल्या त्याचं नाव आयएनएस सुभद्रा. आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. भारताच्या राष्ट्रपतींच्या मालकीची अशी वेगळी नौका नाही. नौदलातलं एखादं जहाज त्या दिवसापुरतं 'राष्ट्रपतींची नौका' ठरवतात. कडेला अशोकस्तंभाची मुद्रा लावतात, डोलकाठीवर राष्ट्रपतींचं निशाण चढवतात, एकवीस तोफांची सलामी होते. २००१ साली मुंबईत के. आर. नारायणन यांच्यासाठी हा मान आयएनएस सुकन्याला मिळाला होता, २०१६ साली विशाखापट्टणमला आयएनएस सुमित्राला. कार्यक्रम संपला की निशाण उतरतं आणि जहाज कामाला जातं. सुभद्रा हे गस्तीचं जहाज. दक्षिण कोरियात बांधलेलं, १९९० पासून सेवेत. त्याच्यावरून 'धनुष' क्षेपणास्त्राच्या चाचण्या झाल्या. आणि मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' हे मालवाहू जहाज नौदलानं सोडवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले, त्या मोहिमेत हीच सुभद्रा होती. म्हणजे राष्ट्रपतींना मिरवून आणलेली नौका बारा वर्षांनी चाच्यांच्या मागे! मला हे फार बरं वाटतं. आपल्या लग्नात नवरदेवाची घोडी असते ना, वरात संपली की ती पुन्हा टांग्याला. घोडीला काही त्यात कमीपणा वाटत नाही.

आता अमेरिकेत काय झालं ते पाहा. तिथे राष्ट्राध्यक्षांसाठी खास नौका असत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची 'पोटोमॅक'. मूळची तटरक्षक दलाची बोट, १९३६ पासून त्यांच्या दिमतीला. रूझवेल्ट गेले आणि त्या बोटीचे धिंडवडे निघाले. मालक बदलत गेले. १९६४ साली गायक एल्विस प्रेस्ली यांनी ती ५५ हजार डॉलरला घेतली आणि मुलांच्या एका रुग्णालयाला दान केली. पुढे १९८० साली अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराच्या प्रकरणात सरकारनं ती जप्त केली, मग ती धक्क्याला बुडाली, वर काढली, आणि ओकलंड बंदरानं १५ हजार डॉलरला विकत घेतली. वर्षानुवर्षं डागडुजी करून १९९५ साली ती लोकांना पाहायला खुली झाली. दुसरी नौका 'सेक्वोया'. ही जिमी कार्टर यांनी १९७७ साली काटकसर म्हणून विकायला काढली, २ लाख ८६ हजार डॉलर आले. तिसरी ट्रुमन यांची 'विल्यम्सबर्ग'. ती इटलीच्या एका बंदरात गंजत पडली आणि शेवटी भंगारात मोडली.

अशा नौकांवरचं सामान मग पांगतं. कोणाकडे झेंडा, कोणाकडे बशी. आणि इथून संग्राहक नावाच्या माणसाचं काम सुरू होतं. हा माणूस हास्यास्पद नाही, हे मी आधी सांगून ठेवतो. चांगला संग्राहक हा एक प्रकारे तर्कशास्त्रीच असतो. उदाहरण देतो. समजा कोणी तुम्हाला निळा झेंडा दाखवून म्हणालं, की हा पोटोमॅकवर रूझवेल्ट यांच्या काळात फडकत होता. जाणकार काय पाहील? तारे मोजील. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निशाणावर १९१६ पासून चार कोपऱ्यांत चार तारे होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये ट्रुमन यांनी ते बदललं, गरुडाची मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि भोवती ४८ ताऱ्यांचं कडं आलं. रूझवेल्ट वारले एप्रिल १९४५ मध्ये. म्हणजे ताऱ्यांचं कडं असलेला झेंडा रूझवेल्ट यांचा असूच शकत नाही, विकणाऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी.

हेच आपल्याकडे लावून पाहू. नौदलाच्या जहाजावरचा झेंडा आपण किती वेळा बदलला? १९५० ते २००१ पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा. २००१ च्या १५ ऑगस्टला क्रूस गेला, नौदलाचं निळं चिन्ह आलं. २००४ साली क्रूस परत आला आणि मध्ये अशोकस्तंभ बसला. २०१४ साली त्याखाली 'सत्यमेव जयते' आलं. २ सप्टेंबर २०२२ पासून क्रूस कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आता उद्या तुम्हाला कोणी म्हणालं, सर, हा सुभद्रेवरचा २०११ चा झेंडा, घ्या पन्नास हजाराला, आणि त्यावर 'सत्यमेव जयते' असेल, तर काय कराल? त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. राष्ट्रपतींच्या निशाणाचंही तसंच. १९५० पासून त्याचे चार भाग होते. सारनाथचे सिंह, अजिंठ्याचा हत्ती, लाल किल्ल्यातला तराजू आणि सारनाथचाच कमळांचा कलश. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या लेण्यातला हत्ती राष्ट्रपतींच्या डोक्यावर फडकत होता. १५ ऑगस्ट १९७१ ला ते वेगळं निशाण बंद झालं आणि तिरंगाच राष्ट्रपतींचं निशाण झाला.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण तारे मोजून एवढंच कळतं की वस्तू खोटी आहे. ती खरी आहे हे वस्तूकडे पाहून कधीच कळत नाही. ही जागा जरा सावकाश घेऊ, कारण तत्त्वज्ञानाच्या मास्तराला बोलावल्याचा एवढाच उपयोग.

आपल्या न्यायशास्त्रात 'प्रत्यभिज्ञा' म्हणून एक गोष्ट आहे. सोपा अर्थ, ओळख पटणं. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'सोऽयं देवदत्तः', हा तोच देवदत्त. रस्त्यात माणूस दिसला, आणि मनात आलं, अरे, हा तर तोच, जो दहा वर्षांपूर्वी भेटला होता. ह्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. 'हा' डोळ्यांना दिसतो. 'तो' डोळ्यांना दिसत नाही, तो आठवणीतून येतो. झेंड्याचं तसंच आहे. 'हा' कापडाचा तुकडा समोर आहे. 'तो', २० डिसेंबरला सुभद्रेवर चढलेला, तो समोर नाही. ह्या दोघांना जोडणारं काय? ज्यानं चढवला त्याची आठवण. तो माणूस गेला की लेखी नोंद. नोंद गेली की उरतं कापड. मी वर्गात विचारत असे, दोन झेंडे एकाच कारखान्यातले, एकाच मापाचे, एक समुद्रावर जाऊन आलेला, एक कपाटात राहिलेला. कपाट उघडलं, दोन्ही मिसळले. आता फरक कुठे आहे? मुलं म्हणत, सर, फरक आहेच, फक्त आपल्याला कळत नाही. बरोबर आहे. पण जो फरक कोणालाच कधीच कळणार नाही, त्याच्यासाठी काच, कुलूप आणि रखवालदार ठेवण्यात काय हशील?

म्हणून माझं म्हणणं असं की संग्रहाचा जीव नोंदवहीत असतो, वस्तू दुसरी. आपण मात्र उलटं करतो.

वाघनखांचं पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. लोकांनी रांगा लावल्या, ते मी समजू शकतो. पण खुद्द त्या संग्रहालयाचंच म्हणणं आहे, की हीच ती अफझलखानाच्या वेळची, हे सिद्ध झालेलं नाही. ज्याच्याकडे वस्तू आहे तोच जर पुरावा नाही म्हणून सांगतो, तर ती प्रामाणिक पाटी आहे, आणि त्या पाटीचा आपल्याला राग येण्याचं कारण नाही. महाराजांचा पराक्रम काही त्या नखांवर टेकलेला नाही. आता दुसरी बाजू. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. हे भोसले म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या इतिहासातलं नाव. राज्य शासनानं ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. किंमत सगळ्यांना पाठ झाली. पण नागपुरातून लंडनला ती कोणत्या हातांतून गेली, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. खरा इतिहास तर त्या वाटेत आहे राजेहो!

ह्याच्या उलट एक झेंडा दाखवतो, पुण्यातला. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत भारताचा झेंडा उभारला. तो झेंडा इंदुलाल याज्ञिक यांनी इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला, आणि तो केसरीवाड्यात ठेवलेला आहे. त्याच्या पाठीशी सभा आहे, तारीख आहे, आणणाऱ्याचं नाव आहे. कापड उद्या विरून गेलं तरी त्याचा अर्थ जाणार नाही.

आता मी अमरावतीच्या गोष्टीवर येतो. हिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

राष्ट्रपतींना देशोदेशींच्या पाहुण्यांकडून भेटी येतात. चित्रं, शिल्पं, तलवारी, ताटं, जहाजांच्या प्रतिकृती. २०१२ साली प्रतिभाताईंची मुदत संपली. त्या सुमारास अशा दीडशेहून अधिक भेटवस्तू, करार करून, उसन्या म्हणून अमरावतीच्या एका संस्थेच्या संग्रहालयासाठी देण्यात आल्या. माहितीच्या अधिकारात हे बाहेर आलं, वर्तमानपत्रांत गाजलं, आणि पुढे राष्ट्रपती भवनानं त्या परत मागवल्या. ह्यावर आपल्याकडे दोन तट पडले होते, तुम्हाला आठवत असेल. एक म्हणे, सरकारी माल घरी नेला. दुसरा म्हणे, आमच्या जिल्ह्याच्या लेकीसुनेचा मान, दिल्लीच्या पोटात का दुखतं?

मला दोन्ही तट चुकीच्या जागी उभे दिसतात. पहिल्या तटाला सांगतो, उसनं नेणं म्हणजे चोरी नव्हे. संग्रहालयं एकमेकांना वस्तू उसन्या देतात, साताऱ्याला वाघनखं तशीच आली. देशाच्या राष्ट्रपतीला मिळालेली भेट दिल्लीच्या तळघरात पेटीत पडण्यापेक्षा अमरावतीच्या शाळकरी पोरीला दिसली तर वाईट काय? दुसऱ्या तटाला सांगतो, त्या भेटी प्रतिभाताईंना मिळाल्या नाहीत. त्या राष्ट्रपतींना मिळाल्या. सुभद्रेवरचे ते टोप्या उंचावणारे खलाशी एका बाईला सलाम करत नव्हते, ते पदाला करत होते. उद्या त्याच जागी दुसरं कोणी बसलं, त्यालाही तोच सलाम. म्हणून पदाच्या वस्तू माणसाच्या गावी माणसाच्या नावानं मांडल्या, की वस्तूचा अर्थच बदलतो. राष्ट्राची आठवण घराण्याची शोभा होते. जिल्ह्यात आणायला हरकत नव्हती, पण मग पाटी अशी हवी होती, की ही राष्ट्राची वस्तू, अमुक देशानं अमुक तारखेला भारताच्या राष्ट्रपतींना दिलेली, इथे अमुक वर्षांपर्यंत उसनी. आणि ती उसनवारी पहिल्या दिवसापासून जाहीर हवी होती. ते लोकांना माहितीचा अर्ज करून कळावं लागलं, तिथेच विश्वास गेला.

पण दिल्लीलाही मी सोडणार नाही. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनानं 'ई-उपहार' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. आजी-माजी राष्ट्रपतींना मिळालेल्या भेटींचा लिलाव, पैसा गरजू मुलांसाठी. हेतू चांगला, त्याबद्दल शंका नाही. पण जी वस्तू अमरावतीच्या संग्रहालयात दहा लोकांसमोर राहणं चालत नव्हतं, तशीच वस्तू एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात कायमची गेली तर चालते? उसनं देताना मालकी राष्ट्राचीच राहते, विकताना ती संपते. सगळंच ठेवता येत नाही, हे कबूल. शाली, स्मृतिचिन्हं किती साठवणार? मग विका. पण विकण्याआधी देशातल्या जिल्हा संग्रहालयांना विचारा, कोणाला काय उसनं हवं. आणि जे विकाल त्याची यादी, छायाचित्र, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं गाव, हे कायमचं उघड ठेवा. नाहीतर आपलाही पोटोमॅक होईल. कायदाही इथे मदतीला नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू, हस्तलिखितांना पंच्याहत्तर. १९५३ च्या आरमार-पाहणीतलं निशाण आज कोणाकडे असेल, तर त्याला ह्या कायद्याचं कवच नाही. जुनं होईपर्यंत ते राहिलं पाहिजे ना, बाप्पा!

जहाजाचं काय होतं हे तर आपण विक्रांतच्या वेळी पाहिलंच. १९७१ च्या युद्धातली विमानवाहू नौका. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली, पुढे खर्च परवडेना. २०१४ साली साठेक कोटींना भंगारात गेली, दारूखान्यात मोडली. २०१६ साली तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल बजाजनं बाजारात आणली. त्या गाडीवर फिरणाऱ्या तरुणाचा अभिमान खोटा नाही. पण अख्खं जहाज जपता न येणाऱ्या समाजानं त्याची आठवण पेट्रोलच्या टाकीवर मिरवावी, ह्यात थोडं दुःखही आहे.

कोणी म्हणेल, सर, आपली संस्कृतीच विसर्जनाची. गणपती बसवतो, दहा दिवसांनी बोळवतो. निर्माल्य कोणी काचेत ठेवतं का? हा आक्षेप वजनदार आहे. आपली ध्वजसंहिताही हेच सांगते, की फाटलेला, विटलेला राष्ट्रध्वज एकांतात, आदरानं, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा. म्हणजे कायद्याच्या मनात झेंड्याचा शेवट संग्रहालयात नाही, अग्नीत आहे. मला ते पटतं. प्रत्येक झेंडा जपायचा म्हटलं तर झेंड्याची चिंधी होईल. पण विसर्जनालाही एक अट असते. ज्याचं विसर्जन केलं त्याची आठवण दुसरीकडे कुठेतरी पक्की असावी लागते. गणपती पुढच्या वर्षी परत येतो, कारण तो कसा बसवायचा हे घराला पाठ असतं. इथे मोझरीत पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं मौन उभी राहतात. हातात काही नसतं. वेळ ठरलेली आहे, ती पिढ्यांनी चुकवलेली नाही, म्हणून ती आठवण जिवंत आहे. तीही एक नोंदच, माणसांच्या अंगात ठेवलेली. जिथे असा नेम नाही तिथे वस्तू लागते, आणि वस्तू आली की वही लागते.

तेव्हा कोणताही संग्रह पाहायला जाल तर तीन गोष्टी विचारा. ही वस्तू काय काम करत होती? ती इथवर कोणाच्या हातून आली, ते लिहिलेलं आहे का? आणि ती आज कोणाच्या मालकीची? ज्या संग्रहाला ही तीन उत्तरं देता येत नाहीत, तो कितीही झगमगीत असो, दुकानासारखाच समजा.

आणि आपल्या जिल्ह्यात करण्यासारखं काम आहे, त्याला परदेशी भेटी लागत नाहीत. वऱ्हाडातून नौदलात गेलेली मुलं आहेत. कोणी २००१ च्या पाहणीत उभा असेल, कोणी २०११ च्या. त्याच्याकडे एखादं छायाचित्र असेल, एखादं निमंत्रणपत्र असेल, टपाल खात्यानं त्या वेळी काढलेलं तिकीट असेल. त्याच्याकडे जा. वस्तू मागू नका, ती त्याच्याच घरी राहू द्या. एक छायाचित्र काढा, आणि त्याच्याकडून ऐकून लिहून घ्या. जहाज कोणतं, तारीख कोणती, तो कुठे उभा होता, ऊन किती होतं, किती तास उभं राहावं लागलं, काय दिसलं. खाली त्याची सही घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, कापडाला आणि कागदाला कसर लागते. पण चार प्रती काढून चार शाळांत ठेवलेली वही टिकेल. ज्या मुलांना हे करायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटा, पहिल्या वहीचे रकाने आपण इथेच पाडू. आता अध्यक्षांची परवानगी असेल तर प्रश्न घेऊ.